दिवाणखाना मोठा, बोलण्याचा तोटा

होम थिएटरचे स्पीकर निवडताना गिऱ्हाईक, दुकानदार आणि कारागीर यांनी काय पाहावे?

चिपळूण तालुक्यातील एका गावी आमचे एक स्नेही राहतात. बावीस वर्षे आखातात नोकरी करून ते परतले, वडिलोपार्जित कौलारू घर उतरवले आणि त्या जागी दुमजली स्लॅबचे घर उभे केले. घराची शान म्हणजे खालचा दिवाणखाना. लांबी २४ फूट, रुंदी १८ फूट, उंची १० फूट. जमिनीवर आरशासारख्या चकचकीत टाइल्स, भिंतींना गुळगुळीत पुट्टी, वर पीओपीचे छत, एका बाजूला १५ फुटांची काचेची खिडकी आणि बसायला रेक्झिनचे सोफे. अशा दिवाणखान्यात सारे कुटुंब एकत्र बसून चित्रपट पाहील, या हौसेने त्यांनी शहरातल्या दुकानातून होम थिएटरचा भारी संच आणला.

पहिल्याच रात्री त्यांच्या अम्मी म्हणाल्या, "बेटा, गलका खूप ऐकू येतो, पण बोलणं काही कळत नाही."

आमचे स्नेही दुकानदाराकडे गेले. त्याने सांगितले, "शेठ, खोली मोठी आहे, अँप्लिफायर कमी पडतोय." जास्त वॅटचा अँप्लिफायर घरी आला. गलका वाढला, बोलणे आणखी बुडाले. मग मोठे स्पीकर आले. शेवटी अम्मींनी दिवाणखान्यात बसणेच सोडले आणि त्या आपल्या खोलीतल्या लहान टीव्हीपुढे बसू लागल्या. दोनदा पैसे गेले, घरातले वडीलधारे माणूस बैठकीतून उठले आणि त्या दुकानदाराने एक चांगले गिऱ्हाईक कायमचे गमावले.

ही हकीकत एका घराची नाही. कोकणात, भिवंडीत, मालेगावात, जिथे जिथे नवी घरे उठत आहेत तिथे तिथे ती थोड्याफार फरकाने घडते आहे. आपले कितीतरी बांधव इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदारीत, वायरिंगच्या कामात, सुतारकामात, गादी-सोफ्याच्या आणि पडद्यांच्या धंद्यात आहेत. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेणे आम्हाला आवश्यक वाटले.

दोष पेटीचा की खोलीचा?

स्पीकरमधून निघालेला आवाज दोन वाटांनी कानावर येतो. एक सरळ, दुसरा भिंती, छत आणि फरशीवर आपटून. सरळ आलेल्या आवाजात शब्द स्पष्ट असतो. आपटून आलेला आवाज जरा उशिरा येतो, आणि टाइल्स, काच व पुट्टी त्याला गिळत नाहीत, परत फेकतात. बोलताना माणूस एका सेकंदात साधारण चार-पाच अक्षरे उच्चारतो. पहिले अक्षर खोलीत घुमत असतानाच दुसरे, तिसरे, चौथे येऊन त्यावर पडते. कानाला आवाज भरपूर मिळतो, अर्थ मिळत नाही. अशा खोलीत वॅट वाढवले की सरळ आवाज जितका वाढतो तितकाच आपटलेलाही वाढतो. प्रमाण तेच राहते. चहात साखर जास्त झाली असता कप मोठा घेऊन चालत नाही, तसलाच हा प्रकार.

जुन्या कौलारू घरात ही अडचण नव्हती. आवाज कौलांच्या फटींतून निघून जाई, लाकडी माळा आणि त्यावरची अडगळ तो अडवी, खाली सतरंज्या आणि गाद्या असत. नव्या घरात आपण हे सर्व काढून टाकले आणि आवाजाला निघून जायला वाट ठेवली नाही.

उशांनी शिकवलेला धडा

या विषयाचे शास्त्र सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे आणि आमच्या गादी-कारागीर बांधवांना ऐकून आनंद होईल की त्याची सुरुवात बैठकीच्या उशांपासून झाली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह उघडले. त्यात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि विद्यार्थ्यांना काही कळत नसे. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. रात्री सगळीकडे सामसूम झाल्यावर ते जवळच्या सँडर्स थिएटरमधून खुर्च्यांच्या उशा उचलून आणीत, व्याख्यानगृहात मांडीत, ऑर्गनची नळी वाजवून आवाज किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजीत आणि उशा परत नेऊन ठेवीत. उशा वाढल्या की घुमण्याचा वेळ कमी होई, तोही ठरलेल्या हिशेबाने. याच हिशेबाच्या आधारे पुढे १९०० साली बोस्टनचे सिंफनी हॉल उभे राहिले. जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याचे नाव आजही घेतात.

सॅबिन यांचे माप मोठे सोपे होते. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी हे एक माप धरायचे आणि बाकीची प्रत्येक वस्तू किती उघड्या खिडकीइतकी आहे ते पाहायचे. टाइल किंवा पुट्टीची भिंत शंभर चौरस फूट असली तरी ती जेमतेम दोन-तीन चौरस फूट खिडकीइतकी. खाली अस्तर घातलेला जाड गालिचा शंभर फुटांस सुमारे चाळीस. दुप्पट चुण्यांचा जड पडदा पन्नासच्या घरात. दोन इंची रॉकवूलचा कापडी फलक नव्वदपर्यंत. हे आकडे बोलण्याच्या मधल्या पट्टीतल्या आवाजासाठी आहेत. खर्जाचे गणित वेगळे, त्याकडे पुढे वळू.

हिशेब मांडून पाहू

खोलीचे घनफूट काढा, त्याला ०.०४९ ने गुणा आणि एकूण उघड्या खिडकीच्या मापाने भागा. आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात.

आमच्या स्नेह्यांचा दिवाणखाना ४३२० घनफूट. फरशी, छत आणि भिंती मिळून १७०४ चौरस फूट. शेकडा तीनने त्याची खिडकी झाली ५१. म्हणजे रिकाम्या खोलीत आवाज चार सेकंदांहून अधिक घुमणार. सोफे आणि बसलेली माणसे मिळून आणखी २९ धरा, बेरीज ८०. वेळ आला सुमारे २.६ सेकंद. तेवढ्या वेळात डझनभर अक्षरे एकमेकांच्या अंगावर पडतात. अम्मींची तक्रार अक्षरशः खरी होती!

आता १२ बाय १५ फुटांचा गालिचा घाला, ७२ मिळाले. काचेच्या १५० चौरस फुटांवर जड पडदा, ७५ मिळाले. दोन बाय चार फुटांचे आठ फलक भिंतींवर, ५७ मिळाले. एकूण २८४. वेळ उतरला पाऊण सेकंदापर्यंत. एवढ्या मोठ्या पक्क्या खोलीसाठी हे समाधानकारक आहे. हाच फरक केवळ स्पीकर बदलून कितीही पैसे टाकले तरी पडला नसता.

हिशेब नको असेल तर खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे "झर्रर्र" असा शेपूट ऐकू आला की समजा, आधी खोलीचे काम आहे, खरेदी नंतर.

आता स्पीकरकडे वळू

खोली थोडी शांत झाली की स्पीकरची निवड अर्थपूर्ण होते. अशा खोलीसाठी आमच्या मते पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, आवाज कोणत्या दिशेला जातो. चहूकडे आवाज उधळणारा स्पीकर घुमणाऱ्या खोलीत वाईट. तिखट आवाजाच्या ट्वीटरभोवती कर्णा किंवा खोलगट बशी असलेला स्पीकर आवाज ऐकणाऱ्याकडे वळवतो आणि बाजूच्या भिंतींवर कमी टाकतो. क्लिप्श, जेबीएल आदी कंपन्या या पद्धतीचे स्पीकर बनवतात. पण नाव पाहून घेऊ नका, कान लावून घ्या. दुकानात एखाद्या माणसाचे बोलणे लावा आणि स्पीकरसमोरून हळूहळू बाजूला चालत जा. आवाज थोडा कमी झाला तर चालेल. त्याचा रंगच बदलला, तो डब्यातून आल्यासारखा किंवा कर्कश झाला, तर तो स्पीकर ठेवून द्या. बाजूला गेलेला तोच बिघडलेला आवाज घरी भिंतीवरून परत येणार आहे.

दुसरी गोष्ट, मधला स्पीकर. चित्रपटातले बहुतेक संवाद टीव्हीखालच्या या एका स्पीकरमधून येतात आणि नेमकी त्याच्यावरच लोक काटकसर करतात. पुढचे तिन्ही स्पीकर एकाच कंपनीचे, एकाच मालिकेचे घ्यावेत. आडव्या पेटीत मध्ये ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर अशी साधी रचना असेल तर सोफ्याच्या टोकाला बसलेल्यांना बोलणे फिके ऐकू येऊ शकते. मोठ्या कुटुंबासाठी ट्वीटरच्या खाली स्वतंत्र मधला स्पीकर असलेली तीन-पदरी रचना बरी. पेटी कपाटाच्या पोटात ढकलू नका. कडेला आणून तिचे तोंड बसणाऱ्यांच्या कानांकडे किंचित वर करा.

तिसरी गोष्ट, संवेदनशीलता. डब्यावर ८६, ८९, ९२ असे डेसिबलचे आकडे असतात. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज मिळतो ते यावरून कळते. ९२ वाल्याला ८६ वाल्याच्या चौथाई वॅट पुरतात. गालिचा-पडद्यांनी खोली शांत झाली की आवाज थोडा उतरतो. तेव्हा बारा-चौदा फुटांवर बसणाऱ्यांना हा आकडा उपयोगी पडतो. मात्र आकडे फुगवणारेही असतात, म्हणून शेवटचा निवाडा कानाचा.

चौथी गोष्ट, घाई नको. पैसे मर्यादित असतील तर सुरुवातीला पुढचे तीन स्पीकर आणि एक सबवूफर घ्या. मागचे दोन पुढच्या वर्षी येऊ शकतात. छतावरून आवाज परतवून डोक्यावर पाऊस पडल्याचा भास देणारे वरच्या तोंडाचे स्पीकर निघाले आहेत, त्यांची हौस सर्वात शेवटी. छतात बसवायचे गोल स्पीकर दिसायला सुबक असतात, पण पुढचे संवाद त्यांतून ऐकू नयेत. पडद्यावरचा माणूस समोर आणि त्याचा आवाज डोक्यावरून, असा प्रकार होतो.

वॅटचा बाजार

१९९० च्या दशकात टू-इन-वनवर पीएमपीओ वॅटचे हजारांतले आकडे छापलेले असत, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या आकड्याला कोणतेही सर्वमान्य माप नव्हते. आजही काही स्वस्त संचांवर तो दिसतो. आपण आरएमएस वॅट पाहावेत, आणि तेही किती वाहिन्या एकदम चालू असताना दिले आहेत ते विचारावे. एकच वाहिनी चालवून काढलेला आकडा मोठा दिसतो. स्पीकर किती ओहमचा आणि अँप्लिफायर तेवढ्यावर चालतो का, हेही पुस्तिकेत पाहावे. दहापट वॅट झाले तर कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच पैसे वाचतील.

हल्ली रिसीव्हरसोबत मायक्रोफोन येतो आणि तो खोली मोजून आवाज आपोआप जुळवतो. सोय चांगली आहे आणि खर्जासाठी उपयोगीही. पण भिंतीवर आपटून आलेला आवाज यंत्र मागे घेऊ शकत नाही. ते काम कापडाचे आणि रॉकवूलचे.

खर्जाचे दुखणे

खर्ज, म्हणजे ज्याला आपण बेस म्हणतो, त्याच्या लहरी वीस-वीस, तीस-तीस फूट लांब असतात. गालिचा आणि पडदे त्यांना अडवू शकत नाहीत. पक्क्या भिंतींच्या खोलीत खर्ज कोंडून राहतो. एका कोपऱ्यात धडधड तर दुसऱ्या जागी काहीच नाही. त्यासाठी सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नये, दोन-तीन फूट तरी पुढे घ्यावा. एवढ्या खोलीला बारा इंची सबवूफर लागतो. एका भारी सबवूफरऐवजी दोन मध्यम घेऊन समोरासमोर ठेवले तर खर्ज सगळीकडे सारखा पसरतो. दिवाणखान्याला स्वयंपाकघर किंवा जिना उघडा जोडलेला असेल तर ती जागाही हिशेबात धरावी.

सबवूफरची जागा शोधायची एक युक्ती आहे. तो सोफ्यावर, ऐकणाऱ्याच्या जागी ठेवा, गाणे लावा आणि आपण भिंतीकडेने वाकून फिरा. जिथे खर्ज स्वच्छ आणि एकसारखा ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा. शेजाऱ्यांच्या झोपेचाही विचार करावा. खर्ज भिंत ओलांडून जातो.

वायर आणि दमट हवा

वायरमन बांधवांनी प्लास्टरच्या आधीच स्पीकरसाठी स्वतंत्र पाइप टाकून घ्यावा. विजेच्या मुख्य वायरींबरोबर एकाच पाइपात स्पीकरची वायर ओढू नये. दहा मीटर अंतरासाठी शुद्ध तांब्याची अडीच चौरस मिलिमीटर वायर पुरेशी आहे. एक चौरस मिलिमीटरची चार ओहमच्या स्पीकरला कमी पडते. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर बाजारात स्वस्त मिळते. तिचा अवरोध जास्त असतो. गिऱ्हाइकाला ती तांब्याची म्हणून देऊ नये.

कोकणच्या दमट हवेत स्पीकरच्या कडेचा फोम काही वर्षांत कुजून गळतो, म्हणून रबरी कड असलेला स्पीकर घ्यावा. समुद्राजवळ वायरीच्या उघड्या टोकांना काळेपणा येतो. पावसाळ्यानंतर टोके छाटून पुन्हा घट्ट करावीत.

कारागिरांसाठी काम

आमच्या स्नेह्यांकडे शेवटी वाट सापडली ती सोफे दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रींमुळे. मिस्त्रींनी दिवाणखान्यात पाऊल टाकून हाक मारली आणि म्हणाले, "शेठ, ही खोली म्हणजे रिकामा हंडा आहे. हंड्यात मुंगीसुद्धा मोठ्याने बोलेल. आधी याला अस्तर लावू द्या."

काम अवघड नाही. सुताराने दोन बाय चार फुटांची लाकडी चौकट करायची, आत ४८ किलो घनतेचे दोन इंची रॉकवूल बसवायचे, त्यावर पातळ अस्तर आणि वर कापड ताणून मागून टाचायचे. कापडाची परीक्षा सोपी आहे. तोंडाशी धरून फुंकर मारा, हवा पार गेली पाहिजे. रेक्झिन किंवा प्लास्टिक चढवलेले कापड वापरले तर मेहनत वाया गेली. थर्मोकोल आणि अंड्यांचे ट्रे याचा काही उपयोग नाही, कोणी काहीही सांगो. फलक भिंतीपासून एक-दोन इंच सोडून टांगला तर अधिक काम करतो. रॉकवूल कापताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. त्याचे तंतू कातडीला आणि श्वासाला त्रास देतात.

फलक कुठे लावायचे? एक जण सोफ्यावर बसतो, दुसरा भिंतीवरून आरसा सरकवत नेतो. बसलेल्याला आरशात जिथे स्पीकर दिसेल, नेमक्या त्या जागी आवाज आपटून येतो. तिथे पहिला फलक. मग मागची भिंत.

पडदेवाल्यांनी खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापडाचा आग्रह धरावा. सपाट ताणलेला पडदा निम्मेही काम करत नाही. गालिचा भदोहीचा असो वा साधा यंत्रावरचा, खाली जाड अस्तर हवेच. रेक्झिनचे सोफे कापडाने मढवले तर तेही हातभार लावतात, आणि पुस्तकांनी भरलेले कपाट आवाज विखरून टाकते.

दुकानदार बंधूंना

डबा तर आज घरबसल्या फोनवर मागवता येतो, आणि कित्येकदा आपल्या दुकानापेक्षा स्वस्तात. किमतीच्या शर्यतीत लहान दुकानदार टिकणे कठीण आहे. पण फोनवर डबा विकणारा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन टाळी वाजवीत नाही. ते आपण करू शकतो. दुकानात मोजपट्टी ठेवा. मोठा संच विकण्याआधी खोली पाहून या. गिऱ्हाइकाच्या एकूण रकमेतला चौथा-पाचवा हिस्सा खोलीवर खर्च करायला सांगा, मग स्पीकर थोडा लहान विकला गेला तरी चालेल. गावातला एक सुतार, एक गादीवाला, एक पडदेवाला आणि एक वायरमन यांच्याशी बोलणे करून ठेवा. चार घरांत चूल पेटेल, आणि गिऱ्हाईक आपल्या भावालाही तुमच्याकडेच पाठवील. दोष खोलीत आहे हे ठाऊक असताना मोठा डबा गळ्यात मारणे हा सौदा एकदाच होतो.

आमच्या स्नेह्यांकडे आम्ही पुन्हा गेलो तेव्हा दुसऱ्यांदा आणलेले मोठे स्पीकर माळ्यावर गेले होते आणि पहिला संचच वाजत होता, तोही पूर्वीपेक्षा कमी आवाजात. अम्मी मधल्या सोफ्यावर बसल्या होत्या. आम्ही काही विचारायला तोंड उघडले, तर त्यांनी हाताने थांबवले. "जरा गप बसा," त्या म्हणाल्या, "ती काय म्हणते ते ऐकू द्या."